काळीज पाहायला नवापूरला

नवापूरच्या स्टेशनावर एक बाकडे आहे. दिसायला ते कुठल्याही स्टेशनावरच्या बाकड्यासारखेच. पण त्याच्या मधोमध एक रेघ ओढलेली असून रेघेच्या एका अंगाला महाराष्ट्र आणि दुसऱ्या अंगाला गुजरात असे रंगवले आहे. नवरा-बायको शेजारी शेजारी बसली तरी एकजण परराज्यात! १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा सीमारेषा नेमकी या स्टेशनाच्या पोटातून गेली. स्टेशनाची लांबी आठशे मीटरच्या आसपास; त्यातले पाचशे मीटर तिकडे आणि तीनशे इकडे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. तिकीट मराठीत काढावे आणि तक्रार गुजरातीत करावी, असा हा कारभार. गाड्यांची वर्दी मात्र चार भाषांत देतात, त्यामुळे एका भाषेतले ऐकायचे राहिले तरी गाडी चुकायची भीती नाही.

हे बाकडे सोडले तर प्रवाश्याने मुद्दाम पायधूळ झाडावी असे नवापूरला फारसे काही नाही. मला तेथे नेले ते माझ्या धाकट्या भावाने. आमच्या माहेरी अंडे पहिल्यांदा आले ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, याच भावाच्या अशक्तपणावर औषध म्हणून. आणि तेही वेगळ्या भांड्यात, मागच्या अंगणात उकडून. त्या अंड्यांनी त्याच्या प्रकृतीवर काय परिणाम केला तो केलाच, पण मनावर अधिक केला असावा. तो पुढे कोंबड्यांचा डॉक्टर झाला. नाशिकला राहून तो खानदेशापर्यंतच्या पोल्ट्र्या सांभाळतो. मेच्या पहिल्या आठवड्यात मी सुरतेला नणंदेकडे होते, तेव्हा त्याचा फोन आला. “ताई, उद्या नवापूरला चाललोय. तिथून दोन-अडीच तासांची गाडी आहे. येतेस? मागे विचारत होतीस ना, अंड्यातला बलक कुठे तयार होतो म्हणून? तुला डोळ्यांनी दाखवतो.” फोनवरून सांगण्यासारखी गोष्ट दाखवायला शंभर कोस बोलवायचे, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. मी गेले.

सुरतेहून निघालेली गाडी उधन्याला मुंबईचा रस्ता सोडते आणि पूर्वेला वळते. बारडोलीला उसाचे मळे दिसतात. १९२८ सालच्या साराबंदीचे हे गाव. व्यारा गेले की सपाटी संपते. सोनगडला डोंगरावर किल्ला दिसतो. बडोद्याच्या गायकवाडांचे हे पहिले ठाणे, म्हणजे पेशवाईतली मराठी माणसे याच वाटेने गुजरातेत उतरली. त्यानंतर साग, मोह आणि पळस यांचे उन्हाने करपलेले डोंगर. आणि मग ते बाकडे. भाऊ मोटार घेऊन स्टेशनाबाहेर उभाच होता. पण एरवी भेटल्याबरोबर थट्टा सुरू करणारा हा मुलगा त्या दिवशी गप्प होता. रंगावलीच्या पुलावर आल्यावर त्याने सांगितले, “ताई, काल संध्याकाळी काकांचा फोन आला. चार दिवसांपासून रोज आठ-दहा कोंबड्या मरताहेत.”

नवापूरखेरीज दुसऱ्या कुठल्या गावी हे वाक्य एवढे जड वाटले नसते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ जाहीर झाली ती याच गावात. त्या महिन्याच्या १८ तारखेला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा आला आणि तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसलेले हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ऑगस्टमध्ये देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण गाव सावरायला वर्षे गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत तीच पाळी पुन्हा आली. भौगोलिक मानांकनाचा शिक्का मिळालेली तूरडाळ हे या गावाचे भूषण. परंतु देशाच्या लक्षात नवापूर राहिले आहे ते कोंबड्यांच्या रोगामुळे.

काकांची पोल्ट्री गावाबाहेर, मोठ्या रस्त्यापासून आत. काका साठी ओलांडलेले, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेले. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि मजुरांशी मावची बोलतात. मला त्यांनी ‘बेन’ म्हणून नमस्कार केला, पाणी दिले आणि माझ्या भावाकडे पाहून एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरसाहेब, ती तर नाही ना?” रोगाचे नाव त्यांनी दिवसभरात एकदाही घेतले नाही. आपल्याकडे पूर्वी देवीच्या रोगाचे नाव टाळत, तसे.

भावाने आधी प्रश्न विचारले. कोंबड्या दाणा खातात का? खातात. पाणी? पितात. अंडी किती? अंडी गोळा करणारी बाई म्हणाली, रोजच्याइतकीच. उलट दोन ट्रे जास्तच. माना वाकड्या, तुरे काळेनिळे, डोकी सुजलेली? छे. मरणाऱ्या कोण? “चांगल्या चांगल्याच जातात, साहेब,” बाई म्हणाली. “गुटगुटीत. सकाळी बघावं तर पिंजऱ्यात पडलेली.” हे ऐकून त्याचा चेहरा किंचित सैल झाला. ती साथ असती, तर अंडी आधी घसरली असती आणि चार दिवसांत आठ-दहा नव्हे, शेडच्या शेड आडवी झाली असती. पण त्याने काकांना तसे काही सांगितले नाही. तो म्हणाला, “आधी सरकारी दवाखान्यात कळवायचं. कायदा आहे, आणि नसता तरी कळवलं असतं. मगच सुरी काढायची.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. नुसते कळवले एवढी बातमी फुटली तरी व्यापारी दुसऱ्या दिवसापासून पाठ फिरवतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? पाच हजार कोंबड्यांची शेड, बँकेचे हप्ते, आणि वरून मे महिना. पण शेवटी त्यांनी स्वतःच्याच मोबाइलवरून फोन लावला. बोलताना त्यांचा हात थरथरत होता. आवाज मात्र नाही.

सरकारी डॉक्टर येईपर्यंत आम्ही पिलांच्या शेडकडे गेलो. पोल्ट्रीत एक नियम असतो. आधी लहानांना भेटायचे, मग मोठ्यांना. म्हणजे मोठ्यांचे रोग आपल्या पायांनी लहानांकडे जात नाहीत. औषधाच्या पाण्यात पाय बुडवून, अंगावर झगा आणि तोंडावर पट्टी बांधून मी आत पाहिले. दोनच दिवसांपूर्वी आलेली पिल्ले दिव्याच्या उबेत मऊ कापसासारखी पसरली होती. वजन एकेकाचे चाळीस ग्रॅम. आपल्या फराळातल्या मध्यम लाडवाएवढे. वाटेतल्या दगदगीने त्यांतली दोन-चार मेली होती. अशी मेलेली पिल्ले उघडून पाहणे हा भावाचा शिरस्ता. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांनी येथून पुढचा मजकूर ताट संपल्यावर वाचला तरी चालेल.

आपल्या भाषेची एक गंमत आहे. कवी काळीज म्हणतात ते हृदयाला, आणि खाटीक काळीज म्हणतो ते यकृताला. त्या दिवशी मी जे काळीज पाहिले ते खाटकाचे. भावाने कात्रीचे एक टोक लावले आणि ते इवलेसे यकृत दाखवले. झेंडूच्या पाकळीसारखे पिवळेधमक! मी विचारले, “अरे, कावीळ झाली होती की काय याला?” तो हसला. कावीळबिवीळ काही नाही. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या प्रत्येक निरोगी पिलाचे यकृत असेच पिवळे असते. एकवीस दिवस ते बलकावर जगलेले असते. शेवटच्या आठवड्यात बलकातली चरबी भराभर अंगात येते, तिच्याबरोबर बलकाचा पिवळा रंगही येतो, आणि दोन्ही यकृतात साठून राहतात. बाहेर पडण्याच्या आधी उरलासुरला बलक पिल्लू पोटात ओढून घेते. म्हणूनच एक दिवसाची पिल्ले दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून आगगाडीने किंवा विमानाने पाठवता येतात. आईने शिदोरी बरोबर दिलेली असते.

“आता या यकृताला काम काय? चरबी जाळायची,” भाऊ सांगू लागला. “दुसरं खायला मिळालेलंच नाही. पण पिल्लू मका टिपायला लागलं की सगळा स्वयंपाक बदलतो. ताई, आईची पाककृतींची वही आठवते ना?”

आठवते म्हणजे काय! तेलाचे डाग पडलेली, कापडी पाठीची ती वही माझ्याकडेच आहे.

“वही वर्षभर तीच. पण संक्रांतीला तिळगुळाचं पान उघडायचं, दिवाळीला चकलीचं, आणि तुझ्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांचं. घरात काय चाललंय ते वहीवरून कळत नाही, डब्यांत काय भरलंय त्यावरून कळतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांची वही अशीच, आणि सगळीकडे एकच. प्रथिनं म्हणजे डब्यातले जिन्नस. वयाप्रमाणे यकृत कोणती पानं उघडतं, कोणती मिटतं, तेवढं कळलं की कोंबडीचं अर्ध चरित्र कळलं.”

कोंबडीची ही सबंध वही २००४ च्या डिसेंबरात वाचून प्रसिद्ध झाली. पक्ष्यांमध्ये पहिला मान तिचाच. पण वही वाचणे सोपे आणि डबे तपासणे अवघड, असे भावाचे मत. शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वयांच्या पक्ष्यांची यकृते घेतात, त्यांतली प्रथिने विरघळवतात आणि जेलीच्या पातळ थरावर विजेच्या ओढीने ती आडवी-उभी पसरवतात. मग रंग दिला की ठिपक्यांची रांगोळी उमटते. एक ठिपका म्हणजे साधारण एक प्रथिन. एक दिवसाच्या पिलाची रांगोळी आणि महिन्याच्या पिलाची रांगोळी शेजारी ठेवली, तर काही ठिपके पुसट झालेले, काही ठळक झालेले, काही नव्यानेच उगवलेले. आता तर प्रथिनांचे तुकडे करून त्यांचे सूक्ष्म वजन करणारी यंत्रे निघाली आहेत, ती एकाच वेळी हजारो प्रथिनांची मोजदाद करतात. रांगोळीची सर मात्र त्या यंत्रांच्या आकड्यांना नाही, असे मला उगाच वाटून गेले.

पिल्लू दाणा खाऊ लागले की सर्वांत ठळक होणारे ठिपके असतात ते साखरेपासून चरबी घडवणाऱ्या विकरांचे. विकर म्हणजे रासायनिक काम उरकून देणारे प्रथिन. आपल्या घरातल्या एखाद्या कर्त्या मोलकरणीसारखे. अंड्यात असताना यांची गरजच नव्हती, चरबी आयती मिळत होती. आता पिष्टमय दाणा आला, आणि काही दिवसांत ही विकरे कितीतरी पटींनी वाढली. पिलाला उपाशी ठेवा, ती वाढतच नाहीत. म्हणजे हे पान नुसत्या तारखेप्रमाणे उघडत नाही. अन्न पोटात जावे लागते. कोंबडीची गंमत अशी, की तिच्या अंगातली बहुतेक सारी चरबी यकृतातच घडते. बाकी ठिकाणी ती नुसती साठवली जाते. पहिल्या आठवड्यात यकृत आणि आतडी बाकीच्या शरीरापेक्षा वेगाने वाढतात. आधी स्वयंपाकघर बांधून घ्यावे, दिवाणखान्याचे मागाहून पाहू, असे निसर्गाचे धोरण. मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलरमध्ये तर हा वेग पाहून छाती दडपते. चाळीस ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचे होते.

पुढची शेड तलंगांची. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. दहा आठवड्यांची एक तलंग पिंजऱ्याच्या तारेत मान अडकून मेली होती. तिचे यकृत पाहिले तर पिवळेपणाचा मागमूस नाही. गर्द तांबूस तपकिरी, चकचकीत, धारदार कडांचे. तो पिवळा रंग दुसऱ्या आठवड्याच्या आतबाहेर ओसरून जातो. या वयात यकृत रक्तातली रोजची प्रथिने, रक्त गोठवणारी प्रथिने, विषारी द्रव्यांचा निकाल लावणारी विकरे असा नेमस्त कारभार पाहत असते. शाळकरी मुलीच्या आयुष्यासारखा हा काळ. त्यात सांगण्यासारखे फार नसते आणि ते बरेच असते.

दुपारी सरकारी डॉक्टर आले. त्यांनी जिवंत आणि मेलेल्या कोंबड्यांचे नमुने घेतले, बर्फात बांधले आणि पुण्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे रवाना केले. मग दोघा डॉक्टरांनी मिळून शेडपासून लांब, एका कडुनिंबाखाली मेलेली कोंबडी उघडायला घेतली. मी पाच-सात हात अंतरावर उभी होते. काका माझ्याही मागे. बेचाळीस अंश ऊन असेल. निंबाचे एक पान हलत नव्हते.

कोंबडीचा तुरा पांढराफटक पडला होता. पोटात चरबीचा जाड थर. त्याखाली रक्ताची काळसर गुठळी, आणि गुठळीखाली यकृत. ते पुन्हा पिवळे होते! पण हा पिलाच्या यकृताचा झेंडूसारखा पिवळा नव्हे. फिकट, मातकट, जुन्या लोण्याचा. बोट लावताच चुरत होते. एका बाजूला फाटून त्यातून रक्त वाहून गेले होते. दोघा डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिले. भावाने मागे वळून काकांना हाक मारली. “काका, इकडे या. बघा. चरबीनं काळीज फुटलंय.”

या विकाराचे वर्णन अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये १९५६ सालीच झाले आहे. पिंजऱ्यातली, हालचाल नसलेली, भरपूर अंडी देणारी आणि भरपूर मका खाणारी कोंबडी याला बळी पडते, उन्हाळ्यात जास्तच. गुटगुटीत तेवढ्याच मरतात ते त्यामुळे. उघडलेल्या त्या कोंबडीच्या पोटात कवच चढलेले एक पुरे अंडे होते. सकाळपर्यंत जगती तर तेही ट्रेमध्ये गेले असते.

“आता तुझा बलक,” भाऊ मला म्हणाला. कोंबडीच्या पाठीच्या कण्याला लागून तिच्या अंडाशयाचा घोस दिसत होता. मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, बोराएवढे, आणि शेवटी लिंबाएवढे पिवळेजर्द गोळे. उद्याचे, परवाचे, तेरवाचे बलक क्रमाने लागलेले. वाटते की येथेच ते घडत असतील. पण येथे ते फक्त भरतात. घडतात यकृतात. तलंग अठरा-वीस आठवड्यांची झाली की तिच्या अंडाशयातून एक संप्रेरक रक्तात उतरते. ते यकृताशी पोहोचते आणि आजवर मिटून ठेवलेले एक पान उघडते. बलकाचे मूळ प्रथिन त्या पानावर लिहिलेले आहे. व्हायटेलोजेनिन असे त्याचे लांबलचक नाव. यकृत ते ढिगांनी तयार करून, चरबीच्या गोळ्यांसह रक्तात सोडते. रक्त ते अंडाशयाकडे वाहून नेते. आणि दहाएक दिवसांत एकेक बलक भरतो. अंड्याचा पांढरा भाग पुढे अंडनलिकेत तीनेक तासांत चढतो, कवचाला वीसेक तास लागतात. बलकाचा मात्र सगळा शिधा यकृताच्या कोठीतला.

हिशेब करून पाहिला. एका बलकाचे वजन सतरा-अठरा ग्रॅम, त्यातला तिसरा हिस्सा चरबी. वर्षाला तीनशे अंडी धरली, तर दीड किलो वजनाची ही पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षभरात आपल्या सबंध वजनापेक्षा जास्त चरबी नुसत्या बलकांतून देऊन टाकते. हे सारे करायचे चाळीस-पन्नास ग्रॅमच्या यकृताने. साहजिकच ते अंड्यावर आले की मोठे होते, फिकटते, थोडे चरबट होते. तेवढे निरोगीच. पण घडण जास्त आणि वाहतूक कमी झाली की माल कोठीतच साचतो, आणि एक दिवस भिंत फुटते.

रात्री मुक्काम काकांच्या घरी होता. काकूंनी बाजरीची भाकरी, तुरीची डाळ आणि कैरीचा ठेचा केला होता. अंड्याचा पदार्थ त्यांच्या घरात होत नाही, हे ऐकून मला माहेरची आठवण झाली. निदान कळले असले तरी पुण्याचा अहवाल यायचा होता, म्हणून काकांचे जेवणात लक्ष नव्हते. जेवणानंतर ओट्यावर ते आपणहून २००६ बद्दल बोलले.

“कोंबड्या मारल्या ते तर होणारच होतं, बेन. पांढऱ्या कपड्यांतले लोक आले, खड्डे खोदले. ते मी पाहिलं. पण मग अंडी पुरली ना, ट्रेच्या ट्रे, त्याचा आवाज यायचा. तो अजून येतो कानात. आणि नंतर शेड चूप. तीस वर्षं झोपताना कोंबड्यांची कुरबुर ऐकायची सवय. मला दोन महिने झोप नव्हती.” ते थांबले. “मुलगा म्हणाला, दुकान टाकू. मी म्हटलं, शेड रिकामी ठेवून मी मरणार नाही.”

यावर आम्ही बहीण-भाऊ काय बोलणार? भावाने विषय बदलण्यासाठी कोंबड्याची गोष्ट काढली. बलकाच्या प्रथिनाचे पान कोंबड्याच्या यकृतातही असते. वही एकच ना! जन्मभर ते मिटलेले राहते, कारण तो संदेश त्याच्याकडे येतच नाही. शास्त्रज्ञांनी कोंबड्याला मादीचे ते संप्रेरक टोचून पाहिले. काही तासांत कोंबड्याचे यकृत मुकाट्याने बलकाचे प्रथिन करू लागले! औषधाचा असर ओसरला, तेही थांबले. काही आठवड्यांनी पुन्हा टोचले, तर या खेपेस ते लवकर आणि जास्त जोमाने सुरू झाले. एकदा उघडलेले पान दुसऱ्यांदा चटकन सापडते, असे दिसते. मी म्हटले, “म्हणजे पुरुषांना स्वयंपाक येत असतो तर! नुसता संदेश पोहोचत नाही.” काकू पदर तोंडाला लावून हसल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा काकाही हसले.

पहाटे चारला जाग आली तेव्हा बाहेर उजेड होता. अंड्यावरच्या शेडमधले दिवे लागले होते. कोंबडीला अंड्यावर ठेवायला रोज सोळा तास उजेड लागतो. सूर्य कमी पडतो तेवढा दिवा पुरवतो. उजेड डोक्याच्या कवटीतून थेट मेंदूला जाणवतो, मेंदू अंडाशयाला कळवतो, अंडाशय यकृताला. माणसाने बटण दाबले की कोंबडीच्या काळजातले पान उघडते. इतकी ही साखळी सरळ आहे. ओट्यावरच्या कोनाड्यात भावाने आदल्या दिवशी काढलेल्या रक्ताच्या दोन नळ्या उभ्या होत्या. रक्त खाली बसून वर पाणी निवळले होते. तलंगेच्या नळीतले पाणी स्वच्छ, फिकट पेंढ्याच्या रंगाचे. अंड्यावरच्या कोंबडीचे ताकासारखे गढूळ. ‘बलक रक्तातून वाहत जातो’ हे आदल्या दिवशी ऐकले होते; पण त्या ताकाकडे पाहिले तेव्हा ते खरे वाटले.

उपचार म्हणाल तर अगदी घरगुती. खाद्यातला मका कमी करून कोंडा वाढवायचा. कोलीन नावाचे द्रव्य, मेथिओनीन आणि ई जीवनसत्त्व घालायचे. यकृतातली चरबी बाहेर न्यायला व यकृत सांभाळायला त्यांची मदत होते. दाणा पहाटे आणि सूर्य उतरल्यावर. छपरावर ओले गोणपाट. मका मार्चपासून वाढवला होता, असे काकांनी सांगितले. भाव बरा होता आणि अंडी वाढत होती. खरेच, अंडी वाढतच होती. तक्रारीला जागाच नव्हती! भाव, उजेड, दाणा आणि बटण यांच्या हिशेबात यकृताचे वजन कुणीच धरत नाही, एवढे माझ्या संसारी बुद्धीलाही कळले. काकांना मी दोष देणार नाही. बँकेला हप्ता अंड्यांतच द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी सुरतेची गाडी धरली. चार दिवसांनी भावाचा फोन आला. पुण्याचा अहवाल आला होता; त्या रोगाचा अंशही नाही. सरकारी डॉक्टरांनी स्वतः जाऊन काकांना कागद दाखवला, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि मग शेडकडे निघून गेले. मर एकदम थांबली नव्हती. चरबी साचायला दोन महिने लागले, ती दोन दिवसांत कशी जाणार? आठ-दहाची सहा झाली, मग चार.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नुकताच लागला असताना, एका संध्याकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी. “बेन, नवापूरहून बोलतो. आज एक पण नाही.” मागे शेडमधली कुरबुर स्पष्ट ऐकू येत होती. पुढच्या गुरुवारी नवी पिल्ले येणार, दिवे आजच लावून पाहिले, आणि अंडी मात्र थोडी कमी झाली आहेत, असेही त्यांनी सांगितले.